कार्ब पावडरचा डबा: पिट्टू पाठीवर असेल तर कामाचा, भरतीच्या १६०० मीटरला नुसता खर्च

पहिलं ते सांगतो, कंपनीचं नाव लिहीत नाहीये, विचारू पण नका. आमच्या ग्राउंडवर भरतीची पोरं पाच-सहा कंपन्यांचे असले कार्ब पावडरचे, म्हणजे ताकदीसाठी पाण्यात कालवून प्यायचे डबे घेऊन येतात, सगळ्यांची मागची बाजू चष्मा लावून वाचून झालीये, माल उन्नीस-बीस एकच. माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर, पोटात तिचं ग्लुकोजच होतं), फ्रुक्टोज (फळातली साखर), थोडं मीठ, सायट्रिक ॲसिड आणि रंग. त्यामुळे रिव्ह्यू एका डब्याचा असला तरी तुमच्या हातातल्या डब्याला पण बऱ्यापैकी लागू होईल.

मी १७ वर्षं इन्फन्ट्रीत काढून पेन्शन आलो, आता साताऱ्यात सकाळी पोरांना पळवतो. हा डबा मी माझ्यासाठी घेतला नाही, माझा गुडघा आता पिट्टू, म्हणजे पाठीवरची फौजी बॅग, घ्यायच्या लायकीचा राहिला नाही. पुतण्या ३० दिवसांच्या सुट्टीवर आला होता आणि सुट्टी संपली की त्याला बेळगावला कमांडो कोर्सला जायचं होतं. तिथं १०, २०, ३०, ४० किलोमीटरचे मार्च असतात, हत्यार आणि सामान घेऊन, टायमात. त्यानं मोबाईलवर कुठल्यातरी परदेशी पळणाऱ्याला बघून ठरवलं की आपल्याला पण हेच प्यायचं. १ किलोचा ऑरेंज फ्लेवर, १,४५० रुपये. मी म्हणलं १,४५० रुपयात वर्षाची साखर येईल रे घरात, तो म्हणला तात्या तुमच्या टायमाला नव्हतं म्हणून तुम्ही बोलताय. खरंय, आमच्या टायमाला दहा किलोमीटरला लंगरवाला बादलीत लिंबूपाणी ग्लुकोज घेऊन उभा असायचा, मग्गा बुडवायचा, प्यायचं आणि निघायचं, किती ग्रॅम ते त्या बादलीला पण माहीत नसायचं.

म्हणून ठरवलं की भांडण नको, बघूच. चार रविवार होते. रूट समर्थ मंदिरापासून यवतेश्वर घाट चढून पेट्रीवरून कासपर्यंत, साधारण २५ किलोमीटर, आणि सातारा ते पठार चढ साडेचारशे-पाचशे मीटरचा. पिट्टूत गव्हाची पिशवी टाकून २० किलो वजन केलं. पोरगं पायी, मी मागून स्प्लेंडरवर, मोबाईलमध्ये टाइम लावून. पहाटे ५ ला निघायचं.

पहिल्या रविवारी मुद्दाम काही दिलं नाही, चहा, थोडे पोहे आणि वाटेत साधं पाणी. घाट भारी चढला, मला वाटलं डब्याचे पैसे वाया गेले. १८ किलोमीटरनंतर मात्र बोलायचा बंद झाला. आधी गाणी म्हणत चालला होता, मग हं हं करायला लागला, मग ते पण नाही. पेट्रीच्या पुढं एका दगडावर बसला, पिट्टू न काढताच, आणि मी बिस्किट पुढं केलं तर माझ्यावरच खेकसला. ज्यांनी लांब मार्च केलेत त्यांना हे बरोबर कळेल, पाय दुखत नसतात, पाय असतातच पण हुकूम मानत नाहीत, आणि डोक्यात राग भरतो विनाकारण. ५ तास २० मिनिटं लागली. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर आदल्या रात्री पुतणेसाहेब मित्राच्या हळदीला जाऊन आले होते आणि नीट जेवले नव्हते, म्हणजे टाकी निघतानाच अर्धी होती.

ही टाकी काय ते थोडं सांगतो कारण त्याशिवाय डब्याचा उपयोग कळत नाही. भात भाकरी बटाटा साखर जे काही कार्ब आपण खातो त्यातलं शरीर ग्लायकोजन म्हणून साठवतं, मांसात साधारण ४०० ग्रॅम आणि लिव्हरमध्ये १०० च्या आसपास. १ ग्रॅमला ४ कॅलरी, म्हणजे सगळं मिळून २,००० कॅलरीची शिदोरी. २० किलो घेऊन चढावर चालणारा गडी तासाला ४००-५०० कॅलरी सहज जाळतो. सगळं काही कार्बमधून जात नाही, चरबी पण जळते, पण जितका जोर जास्त तितका कार्बचा वाटा जास्त. तीन-साडेतीन तासांनी टाकीचा तळ दिसायला लागतो, आणि मेंदूला लागतं ते पण हेच ग्लुकोज, म्हणून तो खेकसणं. चरबी आपल्या अंगावर महिनाभर पुरेल एवढी असते हो, पण ती हळूहळू जळते, टायमातल्या मार्चला तिच्यावर भरवसा नाही.

मग वाटेत टाकी भरत राहायची. तासाभराच्या वरचं काम असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब, असं खेळाडूंच्या आहारशास्त्रात सांगतात. अडीच तासांच्या वर असेल तर ९० पर्यंत, पण तिथं एक गोम आहे. आतड्यातून ग्लुकोज आत जायचं दार एक आहे आणि ते तासाला ६० ग्रॅमच्या आसपास फुल होतं, त्याच्यावर कितीही ओता, बाहेर रांग लागते. फ्रुक्टोजचं दार वेगळं आहे. म्हणून ह्या डब्यात दोन भाग माल्टोडेक्स्ट्रिन आणि एक भाग फ्रुक्टोज असतं, दोन्ही दारांनी माल आत. डब्यावर हे '२:१ ड्युअल फ्युएल टेक्नॉलॉजी' असं मोठ्या अक्षरात लिहून त्याचेच पैसे घेतात. आता गंमत अशी की घरातली साधी साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज आणि निम्मं फ्रुक्टोजच असतं. दोन दारांची टेक्नॉलॉजी किराणा दुकानात पण मिळते, फक्त तिथं पोतं असतं.

दुसरा रविवार, डबा उघडला. आणि इथं आमच्याच शहाणपणानं वाट लागली. लेबलवर लिहिलंय १ स्कूप ७५० मिलीलिटर पाण्यात. पोराला गोड कमी लागलं आणि त्यानं जास्त टाकलं तर जास्त ताकद ह्या हिशोबानं चार स्कूप टाकले एका बाटलीत. मी बघितलं नाही. यवतेश्वरच्या देवळापाशी आला तोवर पोटात गुडगुड चालू, पुढं दोन वेळा पिट्टू माझ्याकडं टाकून झाडीत पळाला. ५ तास २५, म्हणजे डब्याशिवाय चाललेल्या दिवसापेक्षा पण वाईट. घट्ट पाणी पोटातनं लवकर उतरत नाही, उलट शरीरातलंच पाणी आतड्यात ओढतं. ६ ते ८ टक्के, म्हणजे लिटरला ६० ते ८० ग्रॅम, ह्याच्या वर जायचं नाही. ह्यात डब्याचा दोष नाही, पण हिंदी मराठीत एक ओळ लिहायला काय जातं, घेणारी पोरं कुठली आहेत ते ह्यांना माहीत नाही का.

दोष पुढचा आहे. घरी येऊन मी हिशोब मांडत बसलो की नक्की किती गेलं पोटात, तर लेबलवर १ स्कूप ४५ ग्रॅम आणि त्यात ४० ग्रॅम कार्ब. मंडळीचा किचनचा छोटा वजनकाटा आहे, केक करायला घेतलेला. सपाट स्कूप भरला, ३४. परत भरला, ३३. ठोकून ठोकून डोंगर केला तेव्हा ४३ आला. म्हणजे लेबलवर विश्वास ठेवून जो तासाला दीड स्कूप घेतो आणि समजतो की ६० ग्रॅम कार्ब गेलं, त्याच्या पोटात ४५ पण जेमतेम जातंय. खिचडीला चालेल हो अंदाज, इथं १,४५० रुपये घेतलेत. आणि दुकानदाराला जाऊन सांगितलं तर म्हणतो सगळे असेच वापरतात. त्याच दुकानात माझ्यासमोर एका पोराला हा डबा १६०० मीटरसाठी विकला, त्यावर खाली येतोच.

तिसऱ्या रविवारी काट्यावर मोजून केलं. तासाला ६० ग्रॅम कार्ब म्हणजे ६८ ग्रॅम पावडर, सपाट दोन स्कूप, १ लिटर पाण्यात, दर पंधरा मिनिटांनी तीन-चार घोट, तहान लागो न लागो. रात्री पोटभर भात आमटी, निघायच्या आधी दोन तास उठून केळी आणि गूळ-चपाती. हा दिवस मात्र बघण्यासारखा होता. पेट्रीचा तो दगड आला, मी मुद्दाम हॉर्न वाजवला, पोरगं हसत पुढं गेलं. ४ तास ५० मिनिटं. शेवटचे पाच किलोमीटर पहिल्या पाचासारखेच. चव म्हणाल तर ऑरेंजच्या गोळीसारखी, पहिला तास बरी, चौथ्या तासाला नकोशी, गरम झाली की अजून नकोशी. पटकन विरघळते, गुठळ्या होत नाहीत, हे खरंच चांगलं आहे, आणि पोट एकदम शांत. बाटलीचं तोंड मात्र लगेच धुवा नाहीतर मुंग्या, आणि सारखं गोड पाणी दातावर राहतं म्हणून मधेच साध्या पाण्याची चूळ भरा.

चौथा रविवार माझा. माझं म्हणजे घरचं सामान. १ लिटर पाण्याला ६० ग्रॅम साखर, पाव छोटा चमचा मीठ, एक लिंबू. खर्च तीन रुपयांची साखर, लिंबाचा भाव तुम्हाला माहीत. शेजारी खिशात खजूर, शेंगदाण्याची चिक्की आणि मंडळीनं केलेले शंकरपाळे. फौजेत ह्यालाच शक्करपारे म्हणतात आणि ज्यानं लांबची गस्त घातलीये त्याला त्याची किंमत माहिती आहे, पाणी नसल्यामुळं पंधरा-पंधरा दिवस खराब होत नाही, मैदा साखर तूप, वजनाला हलका आणि कॅलरीला भारी, एकमेकांच्या खिशात हात घालून खायचा. वेळ ४ तास ५५. म्हणजे १,४५० च्या डब्यात आणि तीन रुपयांच्या साखरेत पाच मिनिटांचा फरक, आणि तो पण पेट्रीत एका ओळखीच्या माणसानं थांबवून गप्पा मारल्या म्हणून. एक माणूस, चार रविवार, ह्याला काही शास्त्र म्हणता येणार नाही आणि चौथ्या आठवड्यापर्यंत पोरगं चालून चालून तयार पण झालं होतं, ते धरूनच वाचा.

पण घरच्या सामानाची तरफदारी करताना जे बिघडलं ते पण सांगितलं पाहिजे. चिक्की घाटात खाऊ नका, धाप लागलेली असताना दाण्याचा कण घशात गेला आणि पोरगं दोन मिनिटं खोकत उभं राहिलं. तोंड कोरडं असलं की चिक्की चावतच नाही, नुसती फिरते. दाण्यात तेल असतं म्हणून ती पोटातनं हळू उतरते, थांबून खायला झकास, चालता चालता नाही. शंकरपाळ्यांचा पिट्टूच्या कप्प्यात पार भुगा झाला, चिमटीनं खाल्ला. खजूर नंबर एक, बी आधी काढून ठेवा. साधारण हिशोब लक्षात ठेवा, मध्यम केळ्यात २५ ग्रॅम कार्ब, चिक्कीत वजनाच्या निम्मं, खजुरात १०० ग्रॅमला ७० च्या आसपास, साखर म्हणजे सगळीच. साखरपाणी ८ टक्क्याला जास्तच गोड लागतं, माल्टोडेक्स्ट्रिन तेवढ्याच वजनात खूप कमी गोड असतं, आणि पाचव्या तासाला प्यावंसं वाटणं हे पण महत्त्वाचं आहे. इथं डबा जिंकला, हे कबूल.

जेलचे पाऊच पण दोन आणले होते, एकात २५ ग्रॅम कार्ब, १२० रुपये. हात चिकट, वर पाणी लागतंच, आणि रॅपर खिशात ठेवायचं जिवावर येतं म्हणून लोक फेकतात. कास २०१२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे बाबांनो, तिथं तुमचं मँगो जेलचं पाऊच नको. जेलवर एवढंच.

वर बर्फात हे सगळं बदलतं. मी ग्लेशियरवर एक टर्न, म्हणजे ड्युटीची एक पाळी, केलीये. भूक मरते तिथं, पुलाव समोर आला तरी बघवत नाही, आणि नेमकं तेव्हाच शरीर जास्त मागत असतं. उंचीवर कार्बचा एक फायदा असा की एक लिटर ऑक्सिजनमध्ये कार्बमधून साधारण ५ कॅलरी निघतात आणि चरबीतून ४.७, फरक छोटा दिसतो पण जिथं हवाच विरळ तिथं छोटं काही नसतं. आणि गोड पेय घशाखाली जातं, जेवण जात नाही. आम्ही चॉकलेट काखेत गरम करून खायचो, चिक्की दगड व्हायची. तिथं असली पावडर थर्मासमधल्या कोमट पाण्यात टाकून मिळाली असती तर मी हात जोडले असते. फौजेचं पण ह्यावर काम जुनंच आहे, मैसूरला १९६१ साली डीआरडीओची डीएफआरएल नावाची फूड लॅब उभी राहिली ती जवानांच्या खाण्यासाठीच, पाकिटातला हलवा पुलाव तिथलाच. अमेरिकेनं तर नॅटिकच्या फौजी लॅबमधून माल्टोडेक्स्ट्रिन घातलेला सफरचंदाचा गर काढला, पाऊच फोडून चालता चालता चोखायचा. म्हणजे कल्पना जगभर एकच, सैनिक थांबणार नाही, तर खाणंच त्याच्या तोंडापर्यंत चालत गेलं पाहिजे.

आता ते दुकानातलं पोरगं. वय १८-१९, वडील ऊसतोडीला, अग्निवीरच्या भरतीची तयारी, आणि त्याला सांगितलं की हे पी, १६०० मीटर ५ मिनिट ३० सेकंदात बसेल. अरे साडेपाच मिनिटांत टाकीचा तळ कुठनं दिसणार? घरची भाकरी खाल्लेल्या पोराच्या पायात त्याच्या कितीतरी पट साठा असतो. १६०० मीटरला माणूस दम कमी पडतो म्हणून मागं राहतो, साखर कमी पडते म्हणून नाही. उलट लाईनमध्ये उभं राहून स्टार्टच्या आधी गोड बाटली संपवली तर तिसऱ्या राऊंडला ओकारी, हे मी दर सीझनला बघतो. पोलीस भरतीचं पण तेच १६००. भरतीच्या पोरांचा खरा कार्बचा प्रॉब्लेम वेगळाच असतो, आदल्या दिवशी एसटीनं यायचं, रात्री फुटपाथवर चादर टाकून झोपायचं, एक वडापाव खायचा किंवा हलकं राहायचं म्हणून तो पण नाही, आणि रात्री दोनला लाईन लागते, नंबर येतो सकाळी सातला. ह्या पोराला डबा नको, रात्री भात आणि लाईनमध्ये दोन केळी, एक पार्लेचा पुडा पाहिजे. ७०-८० रुपयात काम होतं.

आणि एक, ओआरएस म्हणजे ताकद असं पोरांच्या डोक्यात बसलंय. डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे ५४ कॅलरी. ते जुलाबासाठी, घाम जास्त गेला तर मीठपाणी म्हणून ठीक, पण त्याच्यावर मार्च निघत नाही.

मार्च संपल्यावरचं लोक विसरतात. दुसऱ्या दिवशी परत निघायचं असेल तर पहिल्या चार तासात टाकी सगळ्यात जोरात भरते, वजनाच्या किलोला तासाला १ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ७० किलोच्या गड्याला ७० ग्रॅम. ह्यासाठी डबा वापरणं म्हणजे पैसे पाण्यात, अक्षरशः. आमच्या घरी त्या दिवशी शिरा, वरणभात आणि दोन अंडी झाली.

रेटिंग: लांब मार्च, ट्रेक, तीन तासांच्या वरचं पळणं असेल तर ५ पैकी साडेतीन, अर्धा स्टार विरघळते म्हणून. स्कूपच्या घोळाचा एक कापलाय त्यातच. १६०० मीटरसाठी शून्य. घेणार असाल तर अर्धा किलोच घ्या, घरी काट्यावर मोजा, आणि कोर्सच्या दिवशी पहिल्यांदा पिऊ नका, पोटाला पण प्रॅक्टिस लागते. ज्यांना शुगर आहे त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नका, वशिला कुणाचाही असो.

अपडेट: काल बेळगाववरून फोन आला, २० किलोमीटर टायमात काढलं. पावडर संपली, निम्मी बडीनं, म्हणजे जोडीदारानं, प्यायली म्हणे. परत डबा पाठवू का विचारलं तर म्हणला नको, काकीला सांगा शंकरपाळे पाठवा, पण ह्यावेळी छोटे कापा आणि प्लास्टिकच्या डब्यात घाला, भुगा होतो. रिकामा डबा घरीच होता, त्यातच भरलेत. स्कूप मंडळीनं आधीच निरम्यात टाकलाय.